खणात गेलेला ई-रीडर : बडोद्यातील एका वाचकाचे प्रकरण

हे प्रकरण माझ्या आत्याचे आहे. वय ७६, पेशाने मराठी शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणे रावपुऱ्यातील जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर, आणि वाचन रोजचे निदान तीन तास. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. गुडघ्यांमुळे जिना उतरणे अवघड झाल्यापासून मांडवीकडच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाणे बंद पडले आणि घरातली पुस्तके पुन्हा पुन्हा वाचून संपली. २०२४ च्या दिवाळीत कॅनडातल्या मुलाने तिला सहा इंची ई-रीडर, म्हणजे पडद्यावर पुस्तके वाचायचे यंत्र, पाठवला. मी बडोद्यातच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अठ्ठावीस वर्षे काम केलेले असल्यामुळे त्यात मराठी पुस्तके भरून देण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, आणि मी मोठ्या उत्साहाने २१२ पुस्तके भरून दिली.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर उत्तरायणाचे पतंग चालू होते आणि ई-रीडर मात्र खोक्यासकट कपाटाच्या खणात, वायर नीट गुंडाळून, ठेवलेला होता. घरच्यांचे मत ठरून गेले होते की आत्याला ते जमले नाही. तिचे स्वतःचे मतही तेच होते. या निष्कर्षावर माझा विश्वास बसेना, कारण हीच बाई फोनवर मुलाशी रोज व्हिडिओवर बोलते, गॅसचे पैसे फोनवरून भरते आणि शेजारणीला ते कसे भरायचे हेही शिकवते. म्हणून मी तिला यंत्र बाहेर काढायला लावले आणि काहीही न सांगता नुसते शेजारी बसून ती काय करते ते पाहिले.

तिने एक कादंबरी उघडली, यंत्र डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले, मग दोन बोटे फाकवून पान मोठे केले. पान मोठे झाले तशी ओळीची दोन्ही टोके पडद्याबाहेर गेली. मग प्रत्येक ओळीसाठी पान उजवीकडे सरकवायचे, ओळ संपली की डावीकडे आणायचे, असे सुरू झाले. ई-रीडरच्या, म्हणजे ई-इंकच्या, पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण विजेच्या प्रभाराने वर-खाली होऊन अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी कित्येक दिवस चालते, परंतु चित्र बदलण्याची गती मंद असते. हा पडदा पान उलटण्यासाठी घडवलेला आहे, पान ओढत फिरवण्यासाठी नव्हे. प्रत्येक ओढीबरोबर आधीच्या अक्षरांची धूसर छाया मागे राहत होती. चार ओळींनंतर आत्याने यंत्र खाली ठेवले आणि म्हणाली, "अरे, हे वाचन नाही, हे सुईत दोरा ओवणे आहे."

तपासणी

दोष यंत्राचा की वाचणाऱ्याचा, हा वाद घरात दोन महिने चालला होता. मी पट्टी आणि कागद घेऊन बसलो तेव्हा दोष तिसऱ्याच ठिकाणी निघाला, आणि तो माझ्याकडे बोट दाखवीत होता.

मराठी पुस्तके बहुतेक डेमी आकारात छापली जातात, म्हणजे पान साधारण १४ सेंटिमीटर रुंद आणि २१.६ सेंटिमीटर उंच. सहा इंची ई-रीडरचा पडदा साधारण ९.१ सेंटिमीटर रुंद आणि १२.२ सेंटिमीटर उंच असतो. पूर्ण पान त्यावर बसवायचे तर ते मुळाच्या ५६ टक्क्यांवर येते, आणि १२ पॉइंटात (पॉइंट हे छपाईतले अक्षराच्या आकाराचे माप) छापलेले अक्षर ७ पॉइंटांपेक्षाही लहान होते. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना याच मापाच्या असतात. समास कापून फक्त मजकुराचा भाग दाखवला, आणि तो साधारण १० बाय १७ सेंटिमीटर धरला, तरी अक्षर साडेआठ पॉइंटांच्या फारसे पुढे जात नाही. हा हिशेब करायला मला दहा मिनिटे लागली. तो मी दिवाळीत करायला हवा होता.

आता कोणी म्हणेल की ई-रीडरवर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, तीच तर त्याची खरी सोय. ते खरे आहे, पण त्यासाठी आत मजकूर असावा लागतो. मी भरलेल्या बहुतेक फायलींत मजकूर नव्हताच, मजकुराची छायाचित्रे होती. इंटरनेटवर फुकट उपलब्ध असलेली जुनी मराठी पुस्तके प्रामुख्याने स्कॅन केलेली आहेत आणि यंत्राच्या दृष्टीने त्या पानातला "क" आणि वाळवीने खाल्लेला कोपरा यांत काही फरक नसतो. दोन्ही ठिपकेच.

यावरून मी २१२ फायली एकेक करून तपासल्या. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. संगणकावर फाईल उघडायची, एखादी ओळ निवडून तिची नक्कल करायची आणि ती कोऱ्या पानावर डकवून पाहायची. ओळ निवडलीच जात नसेल तर ते छायाचित्र आहे. निवडली गेली, पण डकवल्यावर इंग्रजी अक्षरे, तिरक्या रेघा आणि टिंबांचा कचरा आला, तर ती जुन्या फॉन्टातली फाईल आहे. मराठीच उमटले तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, आहे. माझ्या संग्रहात छायाचित्रे १७१ निघाली, जुन्या फॉन्टातल्या फायली २९, आणि धड मजकूर असलेली पुस्तके अवघी १२.

मधल्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वांत फसवा तोच आहे. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतःची जागा मिळालेली होती, परंतु आपल्याकडच्या छपाईच्या व्यवहारात पुढे अनेक वर्षे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांचेच राज्य होते. या फॉन्टांची युक्ती अशी की संगणकाच्या लेखी तिथे एखादे रोमन अक्षरच असते, फक्त त्याच्या जागी चित्र देवनागरीचे बसवलेले असते. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असल्यामुळे पान डोळ्यांना अगदी शुद्ध दिसते. तीच फाईल ई-रीडरसाठी ईपब या, अक्षर लहान-मोठे करता येणाऱ्या, स्वरूपात बदलली की फॉन्ट गळून पडतो आणि खालचे रोमन अक्षर उघडे पडते. आत्याच्या यंत्रात अशी एकोणतीस पुस्तके होती आणि "यातली काही पुस्तके परदेशी भाषेत आहेत" असे तिने मुलाला फोनवर सांगितलेही होते. ते कोणी मनावर घेतले नाही. अशा फायलींवर उपाय असतो, पण मूळ फॉन्ट कोणता हे कळल्याशिवाय रूपांतर करता येत नाही, आणि युनिकोडमधली पीडीएफसुद्धा नक्कल करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार अनेकदा भलतीकडे नेऊन ठेवते.

येथे थोडे विषयांतर करतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले, आणि त्याच व्यवस्थेत गावोगाव जाणाऱ्या फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या होत्या. पेटीत जागा मोजकी, त्यामुळे कोणत्या गावाला काय पाठवायचे याचा विचार कोणीतरी करावाच लागे. मी या परंपरेतला, ग्रंथालयशास्त्र शिकलेला माणूस, आणि माझ्या सख्ख्या आत्याला मी जे मिळेल ते कोंबलेले पोते पाठवले. साठवणुकीची जागा फुकट झाली की निवड करण्याचे कष्ट आपण सोडून देतो, निदान मी तरी सोडले.

काय ठरवले

प्रथम तिला किती मोठे अक्षर लागते ते पाहिले. एकच परिच्छेद १२, १४, १६ आणि १८ पॉइंटात कागदावर छापून घेतला आणि संध्याकाळी, तिच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिव्याखाली, नेहमीच्या चष्म्याने वाचायला दिला. १४ पॉइंट ती वाचू शकत होती, पण मान पुढे जात होती; १६ ला ती पाठ टेकून वाचत होती. दुकानात, पांढऱ्याशुभ्र उजेडात, उभ्याने केलेली पाहणी या कामाला उपयोगाची नाही.

मग जागा पाहिली. आत्याचे दुपारचे वाचन झोपाळ्यावर चालते आणि सकाळचे खिडकीजवळच्या टेबलाशी. झोपाळ्यावर हातात धरलेली वस्तू हलकी हवी. ई-रीडर दोनशे ग्रॅमच्या आत असतो, तर दहा इंची टॅब्लेट साधारण अर्ध्या किलोचा. उलट टेबलावर वजनाचा प्रश्नच उरत नाही. आत्याच्या नातीचा वापरात नसलेला १०.१ इंची टॅब्लेट घरात पडून होता. त्याच्या पडद्यावर समास कापलेले डेमी पान उभे धरले तर अक्षर मूळच्या सव्वापटीहून थोडे अधिक, म्हणजे साधारण १५ पॉइंटांचे होते आणि अख्खे पान एका नजरेत बसते. मोठ्या पडद्याचे ई-इंक यंत्र घ्यावे असे मुलाचे म्हणणे होते. ते मी नाकारले, कारण ते त्या साध्या टॅब्लेटपेक्षा कितीतरी महाग होते आणि घरात आधीच पुरेशी वस्तू होती. हा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन.

अशा रीतीने कामाची वाटणी झाली. युनिकोड मजकूर असलेली पुस्तके ई-रीडरवर, झोपाळ्यासाठी. स्कॅन केलेली पुस्तके टॅब्लेटवर, पोथी वाचायच्या लाकडी घडीच्या स्टँडवर ठेवून, सकाळसाठी. २१२ पैकी १८० फायली मी काढून टाकल्या आणि उरलेल्या बत्तीस तिने स्वतः निवडलेल्या आहेत. ई-रीडर आडवा धरला तर स्कॅनचे अक्षरही मुळाहून मोठे, सुमारे साडेचौदा पॉइंटांचे होते, हे मला उशिरा लक्षात आले. परंतु तसे धरल्यावर एका छापील पानासाठी तीनदा पुढे जावे लागते, आणि प्रवासापुरतेच ते सोयीचे आहे असे आत्याचे मत पडले.

टॅब्लेटवर काय नसावे हे तिने सांगितले. निरोपाचे एकही ॲप नको, बातम्या नकोत, वरून सरकत येणाऱ्या सूचना नकोत. फोनवर तिच्याकडे रोज सकाळी सुविचार आणि कुणाकुणाच्या कविता चुकीच्या नावांनी येतात. "ते वाचन फोनवरच मरू दे", असे तिचे शब्द होते. वर्तमानपत्र मात्र कागदाचेच राहिले. त्यावर चर्चा करण्याची कोणाची छाती झाली नाही.

एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. ई-रीडरवर मजकूर व्यवस्थित, १६ पॉइंटात, दिसू लागल्यावरही ती खूश नव्हती. दोन दिवसांनी तिने बोट ठेवून दाखवले : "हा ल माझा नव्हे, आणि हा शही नव्हे." यंत्रातला मूळ फॉन्ट हिंदी वळणाचा होता. युनिकोडमध्ये ल आणि श यांना हिंदीसाठी आणि मराठीसाठी एकच क्रमांक आहे, वळण ठरते ते फॉन्टावरून. चाळीस वर्षे मुलांच्या पाटीवर मराठी वळणाचा ल गिरवून घेतलेल्या बाईला तो प्रत्येक ओळीत खुपत होता. टिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळणारा फॉन्ट यंत्रात टाकला आणि तक्रार मिटली. ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु माझ्या अंदाजाने खणातून यंत्र कायमचे बाहेर निघाले ते त्या दिवशी.

विकत घेतलेल्या पुस्तकांचे

मुलाने दिवाळीत चार मराठी ई-पुस्तके स्वतःच्या खात्यावर विकत घेऊन दिली होती. जानेवारीत त्याने आपल्या खात्याचा देश बदलला आणि त्यांतली दोन उघडेनाशी झाली, कारण त्या प्रदेशासाठी विक्रीचे हक्क नव्हते. दुकानाने ग्राहकाला कळवले की नाही हे मला कळू शकलेले नाही. आत्याला मात्र "पुस्तक उपलब्ध नाही" एवढेच इंग्रजीत दिसले आणि आपल्या हातून काहीतरी दाबले गेले असे समजून तिने त्याची वाच्यता केली नाही.

ई-पुस्तक विकत घेणे म्हणजे बहुतेक ठिकाणी वाचण्याचा परवाना घेणे असते, हे आपण बटण दाबताना विसरतो. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने विक्रेत्याकडे हक्क नसल्याचे आढळल्यावर ग्राहकांच्या किंडल या ई-रीडरमधून विकलेली पुस्तके दुरूनच पुसून टाकली होती. पैसे परत दिले आणि पुढे कंपनीच्या प्रमुखाने जाहीर माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही बंद पडली, तेथेही पैसे परत मिळाले. कागदाच्या पुस्तकाचे दुकान बंद पडले म्हणून कोणी घरी येऊन फडताळ रिकामे करीत नाही. आम्ही हे सगळे बोलत असतानाच, २६ फेब्रुवारी २०२५ पासून, किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून केबलने यंत्रात चढवण्याची सोय ॲमेझॉनने काढून घेतली.

याचा अर्थ विकत घेऊच नये असा मी काढला नाही. लेखक-प्रकाशकांना पैसे मिळायलाच हवेत, आणि नवे मराठी पुस्तक चोरट्या पीडीएफमधून वाचण्याची सवय आपल्या सुशिक्षित घरांत किती बोकाळली आहे हे मी ग्रंथालयात बसून पाहिलेले आहे. आम्ही इतकेच ठरवले की खाते आत्याच्या नावाचे, तिच्या फोन क्रमांकाचे आणि भारतातले असेल. एकदा वाचून सोडून देण्याची पुस्तके ई-स्वरूपात घ्यायची. आणि जे पुन्हा वाचावेसे वाटेल ते कागदावर, अक्षर बारीक असले तरी, टेबलावरच्या भिंगाखाली वाचायचे. नक्कल रोखणारे कुलूप नसलेल्या फायलींची एक प्रत संगणकावर, कॅलिबर या ई-पुस्तके सांभाळणाऱ्या मोफत कार्यक्रमात, आणि एक पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. याशिवाय एक वही आहे. तीत पुस्तक कुठून आले, कोणत्या यंत्रात आहे आणि विकतचे असेल तर किती रुपयांना घेतले, हे आत्या शाईच्या पेनाने लिहिते.

आजोबांचे पुस्तक

माझ्या आजोबांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, गायकवाडीतल्या शाळाखात्यातल्या नोकरीच्या आठवणी १९५८ साली स्वखर्चाने छापल्या होत्या. १८४ पाने, घरात एकच प्रत, कागद हाताळला की तुटतो. ते १९६९ साली वारले, त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या भारतीय नियमाप्रमाणे हक्क २०२९ अखेरपर्यंत वारसांकडेच आहेत, आणि वारसांमध्ये आत्या स्वतः आणि ग्वाल्हेरचे काका एवढेच उरले असल्याने परवानगीचा प्रश्न एका फोनवर सुटला. आत्याला हे पुस्तक झोपाळ्यावर वाचायचे होते, म्हणजे त्याचे छायाचित्र चालणार नव्हते, मजकूरच हवा होता.

पाने स्कॅन करून त्यांतली अक्षरे टेसरॅक्ट या, छायाचित्रातून मजकूर काढणाऱ्या, मोफत कार्यक्रमाकडून ओळखून घेतली. खिळ्यांची जुनी छपाई, शाई पसरलेली. त्यामुळे ख चे रव झाले, ष चे प झाले, आणि अनुस्वार वाटेल तिथे गळाले. या चुका निदान दिसतात. न दिसणाऱ्या चुका वेगळ्या : भामाचा मामा होतो आणि धड्याचा घडा, दोन्ही शब्द मराठीत असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम मुकाट्याने पुढे जातो. एका पानाला सरासरी बारा मिनिटे लागतात, म्हणजे संपूर्ण पुस्तकाला सदतीस तासांच्या आसपास. मी आणि नात मिळून चाळीस पाने केली, मग नातीची परीक्षा आली. पुढचे काम आत्याने मागून घेतले. मजकूर १८ पॉइंटात, ओळींत भरपूर अंतर सोडून, कागदावर छापून दिला की ती मूळ प्रत शेजारी उघडून लाल पेनाने दुरुस्त्या करते आणि मी त्या संगणकावर चढवतो. हा मार्ग उलटा आहे हे मला समजते : पडद्यावर वाचता यावे म्हणून आम्ही आधी कागदावर छापतो. पण तिची चूक पकडण्याची नजर कागदावरच चालते.

आजवर ११२ पाने पूर्ण झाली आहेत. ६३व्या पानावर गाव बदलीच्या हकीकतीत "पहिला धडा" आहे की "पहिला घडा", हे मूळ प्रतीतही वाळवीमुळे कळत नाही. अर्थ दोन्हींनी लागतो, कारण त्याच परिच्छेदात शाळाही आहे आणि पाण्याची टंचाईही. काकांना त्या पानाचा फोटो पाठवला आहे. आत्याला गुजराती पुस्तकेही वाचायची आहेत, त्यांच्या फायलींची तपासणी अजून मी सुरू केलेली नाही.